लहानशा संग्रहालयाची साठवणीची खोली : पावसाळ्याआधी कुठून सुरुवात करू?

पडवी | २ मार्च

नमस्कार मंडळी.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या इतिहास मंडळाचं छोटंसं संग्रहालय आहे. जुन्या शाळेची कौलारू इमारत, चार खोल्या. तिनांत मांडणी, चौथीत उरलेलं सगळं. मांडलेल्या वस्तू दोनशेच्या आसपास. चौथ्या खोलीत किती आहेत हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. दाननोंद वहीत शेवटचा आकडा ९४० आहे, पण ती दुसरी वही. पहिली सापडत नाही. मी निवृत्त शिक्षिका, दोन वर्षांपूर्वी कार्यवाह झाले. सोबत चौघं आहेत, सगळे रविवारी वेळ काढून येणारे.

खोलीत काय आहे ते सांगते. तलवारी, दोन दांडपट्टे, शिशाच्या गोळ्यांनी भरलेला एक लाकडी खण. प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये लावलेल्या शिवराया, म्हणजे तांब्याची जुनी नाणी. मोडी कागदांचे सतरा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. पिंगुळीच्या चित्रकथीची काही चित्रं. मापं, समया, लामणदिवे, एक मेणा. आणि याच खोलीत गणेशोत्सवाच्या मंडपाचं सामान, मोडक्या खुर्च्या, जुने फलक, चुन्याच्या गोणी. दर पावसात चार कौलं सरकतात. जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला की हात ओला होतो.

पण मला चटका लागला तो वेगळ्याच कारणाने. जानेवारीत एक आजी आल्या, नव्वदीच्या पुढच्या. त्यांच्या सासऱ्यांनी संग्रहालयाला एक लाकडी पायली दिली होती. खोताच्या घरची, कुळांकडून भात मोजून घ्यायची. "घेताना एक पायली, देताना दुसरी. घेण्याची मोठी होती," असं त्या म्हणाल्या. ती एकदा बघायची होती त्यांना. मी आत गेले तर दिसायला सारख्या तीन पायल्या, एकीलाही चिठ्ठी नाही. तिन्ही आणून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी तिन्हींवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नाय ओळखत गो आता." त्या गेल्यावर मी बराच वेळ तिथंच बसून होते.

आता मुंबईकर गावकऱ्यांनी ३ लाख रुपये दिले आहेत. समितीत बहुतेकांचं म्हणणं, चौथ्या खोलीला एसी बसवू आणि उरलेल्या पैशांत काचेची कपाटं घेऊ. माझं मन घेत नाही, पण का ते मला नीट मांडता येत नाही. पाऊस तीन महिन्यांवर आलाय. जाणकारांनी सांगावं.

सह्यकडा | २ मार्च

पडवीताई, तुमचं मन बरोबर सांगतंय. मी वास्तुविशारद आहे, जुन्या घरांची दुरुस्ती हेच काम. कौलारू खोलीला एसी म्हणजे चाळणीत पाणी भरणं. कौलांच्या फटींतून बाहेरची दमट हवा येतच राहणार. शिवाय तुम्ही तो संध्याकाळी बंद करणार, वीज जाणार ती वेगळीच. गार झालेल्या धातूवर आणि काचेवर दमट हवा आली की दंव धरतं. रोजचा हा चढउतार वस्तूंना फार वाईट पडतो.

पहिला पैसा छपराला घाला. कौलं उतरवून रिपा तपासा, कौलांखाली पत्रा किंवा जलरोधक कापड घालून घ्या. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडतं का ते बघा. पडत असेल तर पन्हळ लावून ते दूर न्या. भिंत ओली राहायचं कारण निम्म्या वेळा तिथंच असतं.

अडकित्ता | ३ मार्च

मी मुंबईत एका मोठ्या संग्रहालयात साठवणीचं काम बरीच वर्षं केलं आहे. ताई, जरा लांब लिहितो.

तुमची खोली अपवाद नाही. रोमच्या इक्रोम या वारसा-संवर्धन संस्थेने युनेस्कोबरोबर २०११ मध्ये १३६ देशांतल्या सुमारे दीड हजार संग्रहालयांना त्यांच्या कोठारांबद्दल विचारलं होतं. जगातल्या साठवणीतल्या संग्रहांपैकी जवळपास ६० टक्के धोक्यात आहेत, असा निष्कर्ष निघाला. याच प्रश्नासाठी त्यांनी 'री-ऑर्ग' नावाची पद्धत पुढे आणली. ती खास लहान संग्रहालयांसाठी आहे, जिथं पैसा आणि माणसं दोन्ही कमी असतात. तिच्या कसोट्या साध्या आहेत. कोठाराची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे हवी. कोठारात संग्रहातल्याच वस्तू असाव्यात, दुसरं काही नाही. एकही वस्तू जमिनीवर टेकलेली नसावी. कुठलीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे, आणि ती काढायला दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत.

या तीन मिनिटांच्या कसोटीवर तुमची पायली नापास झाली. वाळवीने नाही, पावसाने नाही. कॅनडाच्या संवर्धन संस्थेने वस्तूंच्या नाशाची दहा कारणं मांडली आहेत. आघात, चोरी, आग, पाणी, कीड, प्रदूषण, प्रकाश, चुकीचं तापमान, चुकीची आर्द्रता. दहावं कारण वस्तू आणि तिची माहिती यांची ताटातूट. पहिली नऊ डोळ्यांना दिसतात. दहावं दिसत नाही, कारण वस्तू धडधाकट असते. पायलीला कीड लागली असती तर तुम्ही लगेच धावला असता. चिठ्ठी पडली तेव्हा मात्र कुणालाच कळलं नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर हा क्रम धरला असता. आधी मंडप, खुर्च्या, फलक, चुना बाहेर. एकही पैसा न खर्चता कदाचित तिसरा हिस्सा खोली मोकळी होईल. मग खोलीचा नकाशा काढा, मांडण्यांना अक्षरं द्या, फळ्यांना आकडे. "क-३" म्हटलं की क मांडणीची तिसरी फळी. मग प्रत्येक वस्तूला क्रमांक आणि जागा. पेट्या, डबे, कपाटं यांची खरेदी त्यानंतरच करा. आधी कपाटं आणलीत तर जुना गोंधळ नव्या काचेआड जाईल, एवढंच.

गंजीफा | ३ मार्च

सावंतवाडीहून लिहितोय. अडकित्ता म्हणतात ते पटलं, पण कोकणातल्या घरांनी शेकडो वर्षं पोथ्या आणि शस्त्रं या हवेतच सांभाळली हे विसरू नये. आमच्याकडे पोथ्यांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला असायचा, तलवारींना दसऱ्याला खोबरेल लागायचं, तांब्या-पितळेला चिंच. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सगळं बाहेर काढून वारं दाखवायचे. हे ज्ञान टाकून परदेशी पद्धती का घ्यायच्या?

अडकित्ता | ३ मार्च

काका, त्यातली वारं दाखवायची रीत मी सोन्यासारखी मानतो. वर्षातून एकदा प्रत्येक वस्तू हातात येते, उघडली जाते, कीड दिसते. आजही याहून चांगला उपाय नाही. फक्त कडक उन्हाऐवजी सावलीत, कारण उन्हाने कागद आणि रंग कायमचे जातात. वेखंडाची पुरचुंडी ठेवायला हरकत नाही, कागदाला थेट लागू देऊ नका. पण ती मदतनीस आहे, राखणदार नाही. पाला ठेवला म्हणून तपासणी सुटली असं होऊ नये. ओलसर पाल्यावर बुरशी धरते, हेही लक्षात ठेवा.

खोबरेल आणि चिंच मात्र नको. घरातली तलवार दर दसऱ्याला पुसून पुन्हा तेल लावली जायची, म्हणून ती टिकली. संग्रहालयात तेच तेल वर्षानुवर्षं तसंच राहतं, चिकट होतं, धूळ ओढतं आणि खाली गंज चालू राहतो. लोखंडावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्यावा. चिंच आणि राख दर वेळी धातूचा एक थर घेऊन जातात. ताम्रपट घासून लखलखीत केला की अक्षरांच्या कडा पुसट होतात, आणि पाचपंचवीस वर्षांनी वाचणाऱ्याच्या हाती गुळगुळीत पत्रा उरतो. असे ताम्रपट मी हातात धरले आहेत, म्हणून कळकळीने सांगतो.

गंजीफा | ४ मार्च

ताम्रपटाचं पटलं. आमच्या आळीत एका घरी दर दिवाळीला एक ताम्रपट घासायचे, तो आठवला. आज त्यावर काही वाचता येत नाही.

बोरू | ४ मार्च

मोडीच्या रुमालांबद्दल लिहितो, कारण त्यातच आयुष्य गेलं.

आपल्या जुन्या कागदांचं नशीब चांगलं आहे. जुन्नरी, दौलताबादी कागद हातचा, चिंध्यांच्या लगद्याचा, आणि शाई काजळीची. युरोपातल्या लोहशाईसारखी ती कागद खात नाही. १८५० नंतरचे गिरणीचे कागद पिवळे होऊन तुटतात, पण त्याआधीचा मोडी कागद नीट ठेवला तर आणखी दोनशे वर्षं जाईल. पाणी मात्र या शाईचा काळ आहे. ओल्या कागदावरून बोट फिरवलंत तर अक्षर निघून येईल.

रुमाल सोडताना गाठीच्या जागी कागद कसे दुमडलेत ते आधी बघा, छायाचित्र घ्या. मूळ क्रम मोडू नका. एकाच रुमालात जमाखर्च, पत्रं आणि सनद एकत्र असतील तर ती एकत्र असण्यालाही अर्थ असतो; एखाद्या घराण्याचं दप्तर ते. विषयवार लावायचा मोह आवरा. रुमालाच्या लाल खारव्याच्या कापडाचा रंग ओल लागली की सुटतो, म्हणून नवं बासन बिनरंगी मांजरपाटाचं, दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढलेलं. वर-खाली आम्लमुक्त पुठ्ठा. टाचण्या, रबर, चिकटपट्टी, लॅमिनेशन यांतलं काहीही नको. लॅमिनेशन केलेली सनद हा एक बंद झालेला दरवाजा आहे, तो कुणालाच उघडता येत नाही. क्रमांक मऊ पेन्सिलने, मागच्या बाजूला, कोपऱ्यात.

आणखी एक. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू येते, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षंच पुरतात. नोंदी चोख असतील तर चोरी झाली तरी वस्तू तुमची हे सिद्ध करता येतं. छायाचित्र आणि मोजमाप नसेल तर पोलिसांना तुम्ही काय शोधायला सांगणार?

रानफूल | ५ मार्च

वाखू (वाचनखूण) साठवली. आमच्या गावच्या वाचनालयातही अशीच एक खोली आहे.

पडवी | ३० मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीच्या सभेत हा धागा छापून नेला. एसीचा ठराव मागे घेतला. दोन सभासद नाराज आहेत, कारण देणगीदारांना दाखवायला काहीतरी दिसणारं हवं होतं. त्यांचंही म्हणणं मी समजू शकते. पैसे देणाऱ्याला छपराखालचा पत्रा दिसत नाही.

चार रविवारांत खोली रिकामी केली. मंडपाचं सामान शाळेने ठेवून घेतलं. अकरा मोडक्या खुर्च्या भंगारात गेल्या. चुन्याच्या गोणी उचलल्यावर खाली जमिनीतून भिंतीकडे निघालेली वाळवीची वाट दिसली. ती मेण्याच्या दांड्यापर्यंत पोचायला हातभर उरली होती. आणखी एक पावसाळा गेला असता तर मेणा गेला होता.

मोजणी झाली. चौथ्या खोलीत ८१७ वस्तू, रुमाल धरून. त्यांतल्या २६३ वस्तूंवर क्रमांक नाही किंवा वाचता येत नाही. त्यांना 'ता' लावून तात्पुरते क्रमांक दिले, ता-१ ते ता-२६३. तिन्ही पायल्या ता-४०, ४१, ४२.

प्रश्न : क्रमांक वस्तूवर कसा लिहायचा? आमच्यातली एक मुलगी नेलपॉलिशचा थर देऊन त्यावर लिहूया म्हणते.

अडकित्ता | ३० मार्च

तात्पुरते क्रमांक देणं फार शहाणपणाचं झालं. कितीतरी ठिकाणी लोक अंदाजाने जुना क्रमांक चिकटवतात आणि चूक कायमची होते.

नेलपॉलिश नको, ते पिवळं पडून पोपडे धरतं. धातू, दगड, मातीची भांडी यांच्यावर पॅरालॉइड बी-७२ या राळेचा नखाएवढा थर द्यायचा, वाळला की त्यावर बारीक शाईने क्रमांक, वर दुसरा थर. अ‍ॅसिटोनने कधीही काढता येतं. बाहेरून दिसणार नाही पण हाताला लगेच मिळेल अशी जागा निवडा. कापडाला सुती पट्टीवर क्रमांक लिहून चार सैल टाके. कच्च्या लाकडाला, चामड्याला सुती दोऱ्याची चिठ्ठी.

तलवार आणि म्यान वेगवेगळी ठेवा, शेजारी शेजारी. म्यानातलं लाकूड आणि चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत गंजतं. एकच क्रमांक, पुढे अ आणि आ, म्हणजे जोडी तुटणार नाही.

पडवी | १३ एप्रिल

मदत हवी. शिशाच्या गोळ्यांचा खण उघडला तर निम्म्या गोळ्यांवर पांढरी भुकटी, हात लावला की उडते. आणि अल्बममधल्या शिवराया हिरव्या चिकट पाण्यात बसल्यासारख्या झाल्यात. दोन्हीकडे पाणी गेलेलं नाही, हे नक्की.

अडकित्ता | १३ एप्रिल

पहिलं काम, मास्क आणि हातमोजे. ती भुकटी शिशाची आहे, विषारी आहे. फुंकू नका, त्या खोलीत काही खाऊ नका, हात साबणाने धुवा, लहान मुलांना दूर ठेवा.

दोन्हींचं कारण साठवणच आहे. लाकडातून व्हिनेगरच्या जातीची आम्लं वाफेच्या रूपात सुटत असतात. उघड्या फळीवर ती उडून जातात, बंद खणात कोंडतात, आणि शिशाला ती सर्वांत आधी खातात. प्लायवूड आणि एमडीएफ तर आणखी वाईट, हे नवी कपाटं घेताना ध्यानात ठेवा. गोळ्या खणातून काढून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, खण वेगळा जपा.

पण प्लॅस्टिक म्हणजे कुठलंही नाही. डब्याच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ म्हणजे दाट पॉलिथिलीन, दोन्ही चालतील. ३ म्हणजे पीव्हीसी, त्याला हात लावू नका. तुमचा अल्बम बहुधा पीव्हीसीचा आहे. त्यातून मिठाच्या तेजाबाची वाफ आणि मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य सुटतं, तांब्याशी मिळून हिरवा चिकटा होतो. शिवराया आजच बाहेर काढा. घासू नका. प्रत्येक नाणं सुट्या कागदी पाकिटात, पाकिटावर क्रमांक, आणि सगळी पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह. तांब्यावर फिकट हिरवी, भुसभुशीत, पुन्हा पुन्हा येणारी पूड दिसली तर तो क्लोराइडचा रोग आहे. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवली की तो थांबतो. अख्खी खोली तेवढी कोरडी करणं कोकणात जमणार नाही, पण डबा कोरडा करता येतो.

साठवणीचा खर्च इथंच वाचतो. खोली कोरडी ठेवायला लाख लागतात, डबा कोरडा ठेवायला शंभर रुपये.

गंभीर वस्तूंसाठी प्रशिक्षित संवर्धकच बोलवा. लखनौला १९७६ पासून राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. छायाचित्रं पाठवून सल्ला मागायला संकोच करू नका.

दूरदेशी | १४ एप्रिल

मी ओंटारियोत राहते. इथल्या एका लहान गावच्या संग्रहालयात शनिवारी काम करते, त्यामुळे हा धागा वाचून फार जवळचं वाटलं. आमच्याकडे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी होते की लाकूड तडकतं, तुमच्याकडे बरोबर उलटं.

किडीसाठी इथं औषध जवळजवळ वापरतच नाहीत. गोधडी, लोकरी कापड, पुस्तकं घट्ट पॉलिथिनमध्ये गुंडाळून हवा काढतात आणि उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडत नाहीत, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरतं, वस्तूवर नाही. नवी आलेली प्रत्येक कापडी किंवा लाकडी वस्तू आधी वेगळ्या खोलीत ठेवतात, मगच कोठारात. डांबराच्या गोळ्या आमच्या संग्रहालयात बंद आहेत. कीड कमी मरते आणि काम करणाऱ्याच्या छातीत जातं.

काच, रंगवलेलं लाकूड, लाखकाम, हस्तिदंत गोठवायचं नाही.

गंजीफा | १४ एप्रिल

लाखकामाचं लिहिलंत ते बरं झालं. गंजिफाचे पत्ते असतील तर त्यांना गोठवणं नकोच. ते सपाट डब्यात, प्रत्येक पत्त्यामध्ये पातळ कागद घालून.

आणि रत्नागिरीत उणे २० अंश मिळायला परदेशात जायला नको. मासळीची शीतगृहं आहेत की! माझ्या भाच्याचा धंदाच तो. तीन थर पिशवी बांधली तर वासाचा प्रश्न येणार नाही. पडवीताई, निरोप पाठवा, मी बोलतो त्याच्याशी.

सह्यकडा | १५ एप्रिल

काकांच्या सूचनेत आणखी मोठी गोष्ट दडली आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं. भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, आणि हजारो पानं दोन दिवसांत कुणीच वाळवू शकत नाही. अशा वेळी भिजलेले गठ्ठे तसेच गोठवले तर वेळ थांबते. मग महिनाभराने, दहा-दहा करून वाळवता येतात. म्हणून शीतगृहवाल्यांशी आत्ताच बोलून ठेवा, फोन क्रमांक दारामागे लावा. सगळ्यांत मौल्यवान वस्तू सगळ्यांत खालच्या फळीवर नकोत.

विजेची तारजोडणी जुनी असेल तर तीही बदला. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ ला मध्यरात्रीनंतर जळालं. रिओचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ ला. कोठाराचा मुख्य खटका खोलीच्या बाहेर हवा, आणि काम संपलं की बंद.

पडवी | २१ जुलै

बरेच दिवस आले नाही, पावसाआधी हातघाई चालली होती. हिशेब सगळ्यांसमोर ठेवते, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

छप्पर, कौलांखालचा पत्रा आणि पन्हळ यांना १ लाख १२ हजार. तारजोडणी आणि दोन अग्निशामक नळकांडी ३८ हजार. पावडर कोटिंगच्या लोखंडी मांडण्या ६४ हजार. सर्वांत खालची फळी जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून चार बोटं लांब. डबे, आम्लमुक्त पुठ्ठा, मांजरपाट, सिलिका जेल, इथाफोम (वस्तूंखाली घालायचा फोम), पॅरालॉइड मिळून ४१ हजार. वाळवीचं काम ९ हजार. उरलेले ३६ हजार राखून ठेवलेत. अजून एकही काचेचं कपाट नाही.

भिंतीवर आर्द्रतामापक लावला. तीनशे साठ रुपयांचा. वहीत सकाळ-संध्याकाळ आकडा लिहितो. बाहेर ९४ असताना खोलीत ७८ ते ८२. बुरशीला ७० च्या वर पुरतं, म्हणून झड नसते तेव्हा पंखा लावून हवा खेळती ठेवतो, झड असली की खिडक्या बंद. नाण्यांच्या डब्यात ३४. तो आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिथल्या मुलांना हाका मारून दाखवला.

एका रुमालावर बुरशी आलीच. बोरू यांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे तो वेगळा काढला, पडवीत सावलीत वाळवला, मास्क लावून मऊ ब्रशने झटकला. भिंतीला सर्वांत जवळचा होता. जागा बदलली.

दोन गोधड्या आणि एक लोकरी अंगरखा शीतगृहात जाऊन आला. काका, तुमच्या भाच्याने पैसे घेतले नाहीत. उलट त्याच्या आईची पैठणी सांभाळायची कशी ते विचारून गेला.

बोरू | २१ जुलै

पैठणी हँगरला नको. जरीच्या वजनाने घडीवर फाटते. मांजरपाट गुंडाळलेल्या जाड नळीवर गुंडाळा, नाहीतर घडी दर सहा महिन्यांनी बदला.

नवा_सभासद | २ ऑगस्ट

संगणकावर नोंदी ठेवल्या का? आणि साठवणीतल्या वस्तू लोकांना दिसत नसतील तर एवढा खर्च कशासाठी, असं आमच्या गावात विचारतात.

अडकित्ता | २ ऑगस्ट

पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी 'जतन' नावाची प्रणाली केली आहे, मोठी संग्रहालयं ती वापरतात. लहान ठिकाणी बांधीव वही आणि एक साधा तक्ता पुरतो. वही हवीच. संगणक बिघडतो, पासवर्ड माहीत असलेला माणूस गाव सोडतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुण्यातच आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या वर वस्तू आहेत, त्यांतल्या थोड्याच एका वेळी मांडलेल्या असतात. कुठल्याही संग्रहालयाचं असंच असतं. मांडलेल्या वस्तू बदलायच्या असतील, कुणी अभ्यासक आला, एखाद्या घरातलं माणूस आपल्या आजोबांची वस्तू बघायला आलं, तर ती कोठारातूनच येते.

पडवी | २८ सप्टेंबर

पहिली वही सापडली.

मंडपाचं सामान हलवताना एक पत्र्याची ट्रंक शाळेच्या माळ्यावर गेली होती. परवा शाळेने मंडप काढला तेव्हा ट्रंक परत आली. आत जुन्या फलकांच्या खाली वही. आमचे संस्थापक गुरुजी होते, त्यांचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर. कसरीने कडा खाल्ल्या आहेत, ११ ते १९ ही पानं नाहीतच. पण वीसाव्या पानावर पायलीची नोंद आहे. देणाऱ्याचं नाव, गाव, आणि पुढे "...ची पायली, घेण्याची. नेहमीच्या पायलीहून सव्वा मूठ अधिक." पहिला शब्द कसरीने नेला.

सव्वा मूठ! म्हणजे मापाने ओळखता येईल. आम्ही लगेच तांदूळ आणायला निघालो, पण अडकित्ता यांना आधी विचारलं ते बरं झालं. धान्य आत नको, कीड येईल, असं ते म्हणाले. पायलीत पातळ पॉलिथिन अंथरून काचेचे मणी भरले, काठाशी सपाट केले, मग मणी मोजपात्रात ओतले. प्रत्येक पायली तीन-तीनदा. ता-४० आणि ता-४२ जवळपास सारख्या. ता-४१ मध्ये दर वेळी जास्त, आणि फरक माझ्या मुठीने सव्वा-दीड मूठ.

नोंदीत आम्ही "बहुधा" असं लिहिलं आहे, आणि का ते खाली लिहिलंय. पान २० चं छायाचित्र सोबत ठेवलं. नवा क्रमांक दिला, ता-४१ हा जुना क्रमांकही नोंदीत राहील. बाकी दोन कुणाच्या ते कळलेलं नाही.

आजी आता प्रवास करू शकत नाहीत. रविवारी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो, पायली नेली नाही, छायाचित्र आणि वहीचं पान नेलं. त्यांना वाचता येत नाही, नातसुनेने वाचून दाखवलं. सासऱ्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी पदर सारखा केला. मग कितीतरी वेळ बोलल्या. भात झोडल्यावर खळ्यातच माप व्हायचं, खोताचा माणूस पायली भरताना हाताने दाबायचा, सासरे तिथं मान खाली घालून उभे असायचे. कुळकायद्यानंतर खोताच्या वाड्यातलं सामान निघालं तेव्हा सासऱ्यांनी ती पायली मागून आणली आणि घरात वापरली नाही, माळ्यावर ठेवली. का ठेवली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. हे सगळं आम्ही त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित केलं. फितीला पायलीचाच क्रमांक दिलाय.

गंजीफा | २८ सप्टेंबर

पडवीताई, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाकीच्या दोन पायल्यांची छायाचित्रं तालुक्याच्या वर्तमानपत्रात द्या. कुणीतरी ओळखेल.

पडवी | २९ सप्टेंबर

देते काका. दिवाळीत मुंबईकर गावी येतात, तेव्हा पडवीत मांडूनही ठेवणार आहोत, कुणी ओळखलं तर लिहायला पेन्सिल आणि वही शेजारी.

एक राहिलं. नाण्यांच्या डब्यातलं नारिंगी सिलिका जेल आता फिकट हिरवट झालंय आणि मापक ४४ दाखवतोय. परत वापरता येतं ना?

अडकित्ता | २९ सप्टेंबर

येतं. पसरट ताटात पातळ थर पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास, पुन्हा नारिंगी होईपर्यंत. गार होईस्तोवर बंद बरणीत ठेवा, उघडं ठेवलंत तर स्वयंपाकघरातलीच ओल पिईल. ते ताट मग जेवणासाठी वापरू नका. ४४ झालंय तर आज रात्रीच करा.